‘म्हणून’कडून ‘बिकॉज’कडे : प्राथमिक वर्गातील इंग्रजी उभयान्वयी अव्यये

‘इट रेन्ड बिकॉज वी स्टेड ॲट होम.’ मराठी शाळेतल्या चौथीच्या वहीत असे वाक्य सापडले, तर त्यावर लाल रेघ पडेल आणि शिक्षक पुढे जातील. पण क्षणभर थांबून या वाक्याकडे पाहण्यासारखे आहे. स्पेलिंगे बरोबर आहेत, दोन्ही क्रियापदे भूतकाळात आहेत, शब्दांचा क्रमही इंग्रजीला धरून आहे. तरीही अर्थ असा निघतो, की आम्ही घरी थांबलो म्हणून पाऊस पडला! मुलाला तसे म्हणायचे नव्हते, हे उघड आहे. पाऊस आधी की घरी थांबणे आधी, हे त्याला पक्के ठाऊक आहे. चूक त्याच्या समजुतीत नाही. दोन वाक्यांच्या मधोमध बसलेल्या एका शब्दाने सगळा अर्थ उलटा केला आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यापूर्वी मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. या पाव शतकात प्राथमिक वर्गांत इंग्रजी शब्दांची संख्या खूप वाढली. फळे, रंग, प्राणी, वार, नातेवाईक यांची नावे मुले धडाधड सांगतात. ‘धिस इज माय स्कूल’, ‘आय लाइक मँगो’ अशी सुटी वाक्येही बोलतात. अडते ते त्यापुढे. दहा सुटी वाक्ये येणाऱ्या मुलाला त्या दहांची एक गोष्ट करता येत नाही, कारण वाक्याला वाक्य जोडणारे शब्द त्याच्या हाती नीट आलेले नसतात. हे शब्द म्हणजेच उभयान्वयी अव्यये. ती कशी शिकवावीत, आणि मराठी मुलाला ती नेमकी कुठे अडवतात, याचा विचार या लेखात करायचा आहे.

मराठी कशी जोडते?

उभयान्वयी या शब्दातच त्याचे काम सांगितलेले आहे. ‘उभय’ म्हणजे दोन आणि ‘अन्वय’ म्हणजे संबंध. दोहोंचा संबंध दाखवणारे ते उभयान्वयी. यास्काने निरुक्तात शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग केले, तेव्हा ‘च’, ‘वा’ यांसारखे जोडणारे शब्द निपातांत मोडत होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. शब्दांच्या आठ जाती मोजण्याची आपल्या शाळांतली रीत इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रूढ झाली, आणि त्या आठांत उभयान्वयी अव्ययाला स्वतंत्र घर मिळाले. पुढे मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने या अव्ययांची बारकाईने चिकित्सा केली. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक ही नावे आपण शाळेत पाठ केलेली असतात.

एका साच्यात बसवल्यामुळे मराठी आणि इंग्रजी सारख्याच रीतीने वाक्ये जोडतात, असा मात्र आपला समज होतो. ‘आणि’ म्हणजे अँड, ‘पण’ म्हणजे बट, ‘किंवा’ म्हणजे ऑर, ‘कारण’ म्हणजे बिकॉज अशी चार ओळींची यादी फळ्यावर लिहिली, की धडा संपला असे वाटते. प्रत्यक्ष बोलणे ऐकले तर चित्र वेगळे दिसते.

सकाळी हजेरीच्या वेळी बाई विचारतात, ‘काल का आला नाहीस?’ मूल उत्तर देते, ‘बाई, ताप होता म्हणून.’ या उत्तरात ‘कारण’ हा शब्द नाही. कारण सांगून झाल्यावर शेवटी ‘म्हणून’ येते. इंग्रजीत हेच उत्तर द्यायचे तर बिकॉज सर्वांत आधी लागेल : ‘बिकॉज आय हॅड फीव्हर.’ पूर्ण वाक्यातही तेच होते. ‘पाऊस आला म्हणून आम्ही घरी थांबलो’ यात आधी कारण, मग ‘म्हणून’, मग परिणाम. ‘वी स्टेड ॲट होम बिकॉज इट रेन्ड’ यात आधी परिणाम, मग बिकॉज, मग कारण. दोन्ही भाषांत जोडशब्द मधोमध बसतो, पण त्याच्या दोन बाजूंना उभी असलेली मंडळी जागा बदलतात. मूल ‘म्हणून’च्या जागी बिकॉज ठेवते आणि बाकीचे वाक्य मराठीच्या क्रमाने तसेच राहू देते. आरंभी दिलेले वाक्य असे तयार होते. ती मराठीच्या नियमाने अगदी शिस्तीत केलेली रचना आहे.

दुसरा प्रकार ‘ऊन’चा. ‘तो हात धुऊन जेवायला बसला.’ येथे दोन क्रिया आहेत, पण त्यांना जोडणारे अव्ययच नाही; ते काम ‘ऊन’ या प्रत्ययाने केले. कॉलिन मॅसिका या भाषाभ्यासकाने १९७६ साली दक्षिण आशियातल्या भाषांना एकत्र बांधणारी जी वैशिष्ट्ये तपासली, त्यांत ही रचना आहे. हिंदीतले ‘करके’ही त्याच कुळातले. आपल्या भाषांना क्रियांची माळ ओवायला ‘आणि’ची गरज फारशी भासत नाही. लिंबू कापून, पिळून, साखर घालून, ढवळून सरबत करतात, आणि एवढ्या कामांत ‘आणि’ एकदाही येत नाही. इंग्रजीत प्रत्येक क्रियापद स्वतःच्या पायावर उभे राहते आणि त्यांच्यामध्ये अँड घालावा लागतो. मुलाच्या इंग्रजीत क्रियापदे एकापुढे एक विस्कळीत पडलेली दिसतात, त्याचे एक मूळ येथे आहे.

तिसरा प्रकार जोड्यांचा. जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा. मराठीत या जोड्यांचा दुसरा अर्धा भाग बहुधा हजर असतो. पहिलाच कधीकधी गळतो. ‘पाऊस पडला तर खेळ बंद’ यात ‘जर’ नाही, पण ‘तर’ आहे. इंग्रजीत याच्या उलट. इफ टाकून चालत नाही, पण मागचे देन बहुतेक वेळा अनावश्यक असते. ‘ऑलदो ही वॉज टायर्ड, बट ही प्लेड’ असे वाक्य मोठी माणसेही लिहितात. त्या बटमध्ये ‘तरी’ लपलेले असते. इंग्रजीला दोहोंपैकी एकच हवा असतो.

एक ‘की’, अनेक कुलपे

सर्वांत गमतीदार अक्षर ‘की’. ‘चहा की सरबत?’ येथे तो ऑर आहे. ‘घंटा झाली की बाहेर या’ येथे तो व्हेन आहे. ‘ती म्हणाली की उद्या सुट्टी आहे’ येथे तो दॅट आहे. आणि ‘ये की!’ मध्ये तो यांपैकी काहीच नाही, फक्त आर्जव आहे. यादी पाठ केलेल्या मुलाने कोणता शब्द वापरावा?

विकल्पाच्या बाबतीत मराठी इंग्रजीहून बारीक आहे. ‘चहा किंवा सरबत घ्या’ आणि ‘चहा घेणार की सरबत?’ यांत आपण दोन वेगळे शब्द वापरतो. निवड विचारणारा ‘की’ आणि मोकळीक देणारा ‘किंवा’. इंग्रजी दोन्हीकडे ऑरच वापरते आणि फरक सुरावर सोडते. म्हणून ऑर शिकवताना वाचून दाखवण्यापेक्षा बोलून दाखवणे महत्त्वाचे ठरते.

‘म्हणाला की’ची अडचण अधिक खोल आहे. ‘राजू म्हणाला की मी येतो.’ मराठीत येणारा राजूच, हे कोणालाही कळते. आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. याचे शब्दशः इंग्रजी ‘राजू सेड दॅट आय ॲम कमिंग’ असे केले, तर येणारा माणूस बदलतो. आता वाक्य सांगणाराच येणार आहे! दॅट आला की ‘आय’चा ‘ही’ करावा लागतो आणि क्रियापदही सहसा भूतकाळात जाते. हा बदल प्राथमिक वर्गात व्याकरण म्हणून शिकवण्याची घाई करू नये. तोवर अवतरणचिन्हात राजूचे वाक्य जसेच्या तसे लिहू द्यावे. ते शुद्ध इंग्रजीही असते आणि मुलाच्या सवयीलाही धरून असते.

‘पण’चेही तसेच. ‘मी येतो, पण उशीर होईल’ यातला ‘पण’ बट आहे. ‘मी पण येतो’ यातला ‘पण’ टू किंवा ऑल्सो आहे. ओळखण्याची खूण मुलांना सहज सांगता येते : वाक्याच्या तोंडाशी येतो तो बट, नावाला चिकटून येतो तो ऑल्सो.

मुले हे शब्द केव्हा शिकतात?

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, त्या मुलांनाही हे शब्द एकदम येत नाहीत. लोइस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांचे बोलणे दीर्घकाळ नोंदवले होते. त्यात जोडशब्दांपैकी अँड सर्वांत आधी आला, आणि बराच काळ मुलांनी एकट्या अँडकडून अनेकांची कामे करून घेतली. आधी नुसती भर, मग काळाचा क्रम, मग कारण, असे अर्थ त्यात भरत गेले. ईव्ह क्लार्क यांनी १९७१ साली बिफोर आणि आफ्टर या शब्दांविषयी दाखवले, की लहान मुले वाक्यात जे आधी ऐकू येते ते आधी घडले असे धरून चालतात. ‘जेवण्यापूर्वी हात धू’ या अर्थाच्या वाक्यात इंग्रजीने जेवण आधी उच्चारले, तर गोंधळ होतो.

ज्याँ पियाजे यांनी १९२४ सालच्या आपल्या पुस्तकात मुलांना ‘कारण’पाशी तोडलेली वाक्ये पूर्ण करायला दिली होती. सात-आठ वर्षांपर्यंतची मुले कारणाच्या जागी परिणाम सांगून मोकळी होतात, असे त्यांना आढळले. यावरून लहान मुलांना कार्यकारणभाव कळतच नाही, असा अर्थ काढला जाई. मोरॅग डोनाल्डसन यांनी १९८६ सालच्या पुस्तकात वेगळी मांडणी केली : प्रसंग ओळखीचा असेल आणि प्रश्न नीट विचारला असेल, तर बरीच लहान मुलेही कारण आणि परिणाम यांत गल्लत करत नाहीत. शिक्षकाच्या दृष्टीने यातले सार मोलाचे आहे. मुलाने बिकॉज उलटा लावला म्हणून त्याचा विचार उलटा आहे, असे ठरवू नये. मराठीत विचारून पाहावे. उत्तर सरळ येते.

इंग्लंडच्या २०१४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पहिल्या इयत्तेत, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांना, वाक्ये जोडण्यासाठी फक्त अँड आहे. दुसऱ्या इयत्तेत ऑर, बट, तसेच व्हेन, इफ, दॅट, बिकॉज येतात. ऑलदो त्याच्याही पुढे. ज्यांच्या घरात चोवीस तास इंग्रजी आहे त्यांच्यासाठी हा वेग आहे. आपल्या मुलांना आठवड्याचे काही तास इंग्रजी ऐकू येते. त्यांना एकाच धड्यात सात अव्ययांचा तक्ता देणे म्हणजे पोहायला शिकवताना सातही प्रकार एकाच दिवशी दाखवण्यासारखे आहे.

शिकवण्याचा क्रम

वरील सर्व गोष्टी लक्षात घेतल्या तर मराठी मुलासाठी एक क्रम आपोआप पुढे येतो. आधी अँड. तोही वस्तूंच्या यादीत थांबू नये, क्रियांपर्यंत जावा. सरबताची कृती मराठीत ‘ऊन’ने सांगून घ्यावी आणि मग इंग्रजीत दोन-दोन क्रिया अँडने जोडाव्यात : ‘कट द लेमन अँड स्क्वीज इट.’ मग बट.

त्यानंतर बिकॉजकडे न वळता सो घ्यावा. ‘इट रेन्ड, सो वी स्टेड ॲट होम.’ या वाक्याचा क्रम थेट ‘पाऊस आला म्हणून आम्ही घरी थांबलो’ असाच आहे. मुलाची सवय येथे त्याला मदत करते. सो चांगला रुळला की तेच वाक्य उलटे करावे. दोन पट्ट्यांवर दोन वाक्ये लिहावीत : ‘इट रेन्ड’ आणि ‘वी स्टेड ॲट होम’. मध्ये सोचे कार्ड असेल तर पाऊस डावीकडे. सो काढून बिकॉज ठेवला की पट्ट्यांनी जागा बदलायच्या. दोन मुलांनी पट्ट्या धरून वर्गासमोर उभे राहावे आणि मधल्याने कार्ड बदलताच एकमेकांची जागा घ्यावी. ही अदलाबदल पायांनी केलेली असली, की ती डोक्यात राहते. खडू, दोन कागद आणि तीन मुले एवढेच साहित्य लागते.

बिकॉजनंतर ऑर, मग व्हेन आणि इफ. इफ शिकवताना शाळेचेच नियम घ्यावेत, कारण मुले ते मराठीत रोज ‘तर’ने ऐकतात. मागे देन आला तर लगेच खोडू नये. तो मराठीच्या ‘तर’ची सावली आहे, हळूहळू जाईल. ऑलदो आणि अनलेस प्राथमिकच्या पुढे ठेवले तर काही बिघडत नाही.

प्रत्येक पायरीवर मुलाच्या स्वतःच्या बोलीतून सुरुवात व्हावी. मूल ‘म्हनून’ म्हणत असेल, किंवा घरी दुसरीच भाषा बोलत असेल, तर तिथला जोडशब्द विचारावा. मुलाला प्रमाण मराठीत आणून मग इंग्रजीत न्यायचे, हा दुहेरी फेरा नको.

परीक्षेचाही विचार करायला हवा. ‘सीता वॉज टायर्ड, – शी वेन्ट टू बेड’ या गाळलेल्या जागेत सो बरोबर आहे आणि अँडही बरोबर आहे. उत्तरपत्रिकेत सो लिहिलेले असेल, तर अँड लिहिणाऱ्याचा गुण जातो, आणि गेला का ते त्याला कधीच कळत नाही. त्याऐवजी जोडशब्द देऊन पुढचे वाक्य मुलाकडून घ्यावे. ‘सीता वॉज टायर्ड, बट –’, ‘सीता वॉज टायर्ड बिकॉज –’, ‘सीता वॉज टायर्ड, सो –’. तिन्ही ठिकाणी काय येते, यावरून मुलाला संबंध कळला की नाही ते स्पष्ट दिसते. अपुरे इंग्रजी शब्द मराठीत भरू दिले, तरी तपासणी चुकत नाही.

एवढ्या छोट्या शब्दांचे महत्त्व काय?

मराठी माध्यमाच्या अनेक शाळांत सेमी-इंग्रजीची सोय आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते. आपल्याकडच्या विज्ञानाच्या परीक्षेत ‘शास्त्रीय कारणे द्या’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उन्हाळ्यात सुती कपडे का वापरतात, हे मुलाला माहीत असते. सूत घाम शोषून घेते म्हणून. इंग्रजी उत्तरात त्याने बिकॉज ‘म्हणून’च्या जागी ठेवला, की अर्थ होतो : आपण सुती कपडे वापरतो म्हणून सूत घाम शोषते. तपासणाऱ्याला विज्ञान चुकलेले दिसते. वास्तविक चुकले आहे ते एक अव्यय.

गणितातही तेच. १ ते १२ या संख्यांत २ आणि ३ या दोहोंनी भाग जाणाऱ्या संख्या दोनच : ६ आणि १२. २ किंवा ३ ने भाग जाणाऱ्या मात्र आठ : २, ३, ४, ६, ८, ९, १० आणि १२. अँड आणि ऑर यांतला फरक ज्याला निसटला, त्याचे भागाकार बिनचूक असूनही उत्तर चुकते. अशा मुलावर ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो आणि तो पुसायला वर्षे लागतात. घरी इंग्रजी जाणणारे कोणी असेल तर ही चूक दुरुस्त होते. नसेल तर शाळा हाच एक आधार असतो. म्हणूनच या शब्दांवर वर्गात दिलेला वेळ सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो अशाच मुलांना.

आणखी एक बाजू भाषेपलीकडची आहे. ‘तो गरीब पण प्रामाणिक होता’ हे वाक्य आपण कितीतरी गोष्टींत वाचलेले आहे. त्या ‘पण’मध्ये काय दडले आहे? गरीब माणूस सहसा प्रामाणिक नसतो, हे गृहीत. ‘शी इज अ गर्ल, बट शी प्लेज क्रिकेट’ या वाक्यातही तेच. बटऐवजी अँड ठेवून पाहावे आणि मुलांना विचारावे, काय बदलले? माहिती तीच राहिली, सांगणाऱ्याचे मत बदलले. बट शिकवण्यासाठी असे वाक्य नमुना म्हणून देऊ नये, पण चर्चेसाठी जरूर द्यावे. नऊ-दहा वर्षांची मुले यावर हिरिरीने बोलतात, आणि त्या बोलण्यात मराठीतला ‘पण’सुद्धा त्यांना नव्याने दिसतो.

परक्या भाषेचा अभ्यास आपल्या भाषेकडे पाहायला शिकवतो, असे आपण म्हणतो. प्राथमिक शाळेत त्यासाठी वेगळा तास नको. रोज हजेरीच्या वेळी दोन मुलांना त्यांच्या गैरहजेरीचे कारण आधी स्वतःच्या बोलीत, मग सो लावून आणि मग बिकॉज लावून सांगायला लावले, तरी पाच मिनिटे पुरतात. पुढच्या सत्रात विज्ञानाच्या पेपरात ‘कारण द्या’ असा प्रश्न आला, की त्या पाच मिनिटांचा हिशेब मुलांच्या उत्तरांत दिसेल.